नवरा गेला, थोरली सातवीत: सोलापुरातल्या विडी कामगार आईच्या लेकरांपर्यंत सरकारी मदत कशी पोचते आणि कुठे अडते

सगळ्यात आधी मुलीची शाळा सांभाळा. अर्ज, दाखले, योजना हे सगळं त्याच्या मागून.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तुमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंचा नवरा तीन महिन्यांपूर्वी वारला. तो यंत्रमागावर होता, त्या विड्या वळतात. थोरली मुलगी सातवीत, धाकटा मुलगा चार वर्षांचा. मुलगी आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडवून आईच्या हाताखाली बसायला लागली आहे आणि 'सातवी झाली की बास' असं घरात बोललं जातंय. तुमचे प्रश्न दोन. या घराला सरकारकडून नेमकं काय मिळू शकतं? आणि एवढ्या योजना असताना मुलांची गरिबी हटत का नाही?

मी या जिल्ह्यात बालसंरक्षणाचं काम बरीच वर्षं करतेय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून आधी त्या घरातला हिशेब समजून घेऊ.

एका बाईला हजार विड्या वळायला अख्खा दिवस लागतो. पान भिजवायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड बंद करायचं. यातलं वळण्याचं काम सरावाच्या हाताचं. पान कापणं आणि तोंड बंद करणं मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सहज जमतं. ती शेजारी बसली की आईची संध्याकाळ दोन तास आधी मोकळी होते, किंवा तेवढ्याच वेळात माल वाढतो. नवऱ्याची मजुरी बंद झालेल्या घरात हे दोन तास फार मोलाचे असतात. म्हणून त्या बाईंना 'मुलीला शिकवायची इच्छा नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीसारख्या कापड गिरण्या बंद पडल्या तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू भाषिक कामगार वस्तीतले, कितीतरी संसार बायकांच्या विड्या वळायच्या सुपावर आले. मुलगी शाळेतून सुटून त्या सुपापुढे बसते ती महिन्याचा मेळ बसत नाही म्हणून. त्या मेळात योग्य वेळी थोडे पैसे आले तर ती बसत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कायद्याचं बोलायचं तर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामात शाळा सुटल्यावर मदत करण्याची मुभा दिली, पण धोकादायक कामांना ती मुभा नाही. मला स्वतःला ही मुभाच पटत नाही, कारण घरात बसून होणाऱ्या कामात 'मदत' कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते हे तपासायला कुणी येत नाही. तरीही त्या बाईंना कायद्याची भीती घालू नका. घाबरलेली आई मुलगी लपवते, आणि लपवलेली मुलगी शाळेतही नसते आणि कुणाच्या यादीतही नसते.

आता कामाचं.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणजे नवरा शहरातल्या दवाखान्यात वारला असेल तर महापालिकेत, घरी वारला असेल तर ग्रामपंचायतीत. नोंद २१ दिवसांत झाली असेल तर प्रश्न नाही. झालीच नसेल तर आत्ता लगेच करा, कारण वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि मग महिने जातात. दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवा.

तो हातात आला की सरकारी योजनांकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा. बहुतेक घरांत त्या कुणी तपासतच नाही. एक, नवऱ्याचं बँकेचं पासबुक. मे-जूनच्या नोंदींत ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता आहे आणि घराला २ लाख रुपये मिळायला हवेत. अपघाती मृत्यू असेल तर २० रुपयांची नोंदही शोधा, ती सुरक्षा विम्याची. खातं उघडताना सही घेऊन विमा चालू केलेला असतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. दुसरी गोष्ट, भविष्य निर्वाह निधी. यंत्रमागावरच्या कित्येकांचा तो कापलाच जात नाही, पण कापला जात असेल तर हक्काची रक्कम मोठी आहे. विधवेला निवृत्तिवेतन, दोन मुलांना पंचवीस वर्षांचे होईपर्यंत वेगळं निवृत्तिवेतन, शिवाय त्याला जोडलेला विमा, ज्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे. कारखान्यातल्या सोबत्यांना विचारा, जुनी पगाराची चिठ्ठी शोधा. त्या बाईंचा स्वतःचा विडी कारखान्यातला निधीही त्याच वेळी बघून घ्या आणि त्यावर वारस म्हणून मुलांची नावं लावा.

मग राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात वारला आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर एकरकमी २० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, त्यामुळे तिकडच्या तहसीलला जा, चुकून उत्तरच्या रांगेत उभं राहू नका.

आणि आता ज्याच्यावर मुलीची शाळा टिकेल ते: बालसंगोपन योजना. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील नसलेली, किंवा आजार, तुरुंग अशा कारणांनी ज्यांना आईवडील सांभाळू शकत नाहीत अशी मुलं आपल्याच घरी राहून वाढावीत, अनाथालयात जाऊ नयेत, यासाठी ती आहे. दरमहा एका मुलामागे २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. या घरातली दोन्ही मुलं धरली तर महिन्याला ४,५०० रुपये. मुलगी आईशेजारी बसून जेवढी भर घालेल त्यापेक्षा ही रक्कम कमी नाही. त्या बाईंपुढे बसून हा हिशेब मांडा. शिक्षणाचं महत्त्व त्यांना ठाऊक आहे, ते सांगू नका. ४,५०० चा आकडा सांगा.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. मृत्यूचा दाखला, आईचं आणि मुलांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलीचं शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर आई-मुलांचा एकत्र फोटो. त्यानंतर गृहभेट होते, अहवाल जातो आणि बालकल्याण समिती आदेश काढते. आदेश ही समिती काढते हे ध्यानात ठेवा. एखाद्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीने किंवा एजंटाला दोन हजार देऊन तो लवकर निघत नाही. असे एजंट वसाहतींतून फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. अर्जाला पैसे पडत नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण पूर्व भागातली निम्मी प्रकरणं माझ्या डोळ्यांदेखत याच्यावर अडली आहेत. त्या बाईंची कागदांची प्लास्टिकची पिशवी मागून घ्या आणि सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. आधारवर आडनाव आधी आलेलं असेल, शाळेच्या रजिस्टरात शेवटी. तेलुगू आडनाव एका ठिकाणी जोडाक्षराने लिहिलंय, दुसरीकडे सुटं. मुलीच्या दाखल्यावर वडिलांचं घरातलं नाव लागलंय, मृत्यूच्या दाखल्यावर कागदोपत्री नाव. बँकेत जन्माचं साल वेगळंच. गरीब माणसाचं नाव दरवेळी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असतं, घाईत, ऐकून. ही तफावत अर्ज देण्याआधी दुरुस्त करा. बहुतेक वेळा आधार आणि बँक आधी एका रांगेत आणली की पुढचं सोपं जातं. मुलीचं खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही वरच्या वर अडकून राहतात आणि आईला वाटतं की सरकारने दिलेच नाहीत.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही अशीच मदत आहे, प्रायोजकत्व म्हणतात. दरमहा ४,००० रुपये, पण उत्पन्नाची अट कडक: ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. दोन्ही योजना एकाच मुलाला एकाच वेळी मिळत नाहीत. कुठली बसते ते बाल संरक्षण कक्षातच ठरवा. तिथली माणसं कमी आणि कामाचा डोंगर मोठा, पण नीट कागद घेऊन गेलात तर मार्ग सांगतात.

त्या बाईंना लाडकी बहीणचे १,५०० रुपये चालू असतील तर संजय गांधी निराधार योजनेच्या मागे लागण्यात अर्थ नाही, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. चालू नसतील तर निराधारचा अर्ज करा. त्यातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्या पैशांत आज तीन माणसं जगत असतील हे कुणी मानायचं? ही मर्यादा वाढली पाहिजे हे आम्ही सांगत आलोय, सांगत राहू.

रेशनकार्डावर धाकट्याचं नाव चढलंय का बघा. बऱ्याच घरांत मूल चार-पाच वर्षांचं होतं तरी नाव घातलेलं नसतं आणि माणशी पाच किलोतला त्याचा वाटा दर महिन्याला बुडतो. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. पाचवी ते आठवीला वर्षाला १,५००, नववी-दहावीला २,०००, पुढे वाढत जाऊन व्यावसायिक शिक्षणाला २५ हजारांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, मुदत असते ती चुकवू नका. कुटुंब पद्मशाली असेल तर विशेष मागास प्रवर्गाचा दाखला मुलीसाठी आत्ताच काढून ठेवा, शाळेतल्या शिष्यवृत्तीपासून पुढे कॉलेजच्या फीपर्यंत तो लागणार आहे.

धाकट्यासाठी अंगणवाडी. तिथे त्याला नुसतं पाठवू नका, एकदा सेविकेला त्याचा दंडघेर मोजायला सांगा. तीन रंगांची पट्टी असते. डाव्या दंडाभोवती गुंडाळली आणि खूण ११.५ सेंटिमीटरच्या आत, लाल भागात आली तर मूल तीव्र कुपोषित. पिवळ्यात आली तर त्या वाटेवर. नवरा गेलेल्या घरात पहिले काही महिने चूल नेमाने पेटत नाही, आणि त्याचा परिणाम सगळ्यांत आधी सर्वांत लहानग्याच्या दंडावर दिसतो. वजन घटलेलं असेल तर ग्राम बालविकास केंद्रातून जादा आहार मिळतो, जास्तच बिघडलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात आईसकट ठेवून घेतात. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. कान, डोळे, हृदय, दात, काहीही निघालं तर पुढचे उपचार मोफत आहेत. तंबाखू भरलेल्या सुपाशेजारी झोपणाऱ्या पोराला सारखा खोकला असेल तर ते पथकाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इथपर्यंत पहिला प्रश्न. आता दुसरा. तो मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

वर मी जे सांगितलं ते पुन्हा एकदा त्या आईच्या जागी बसून वाचा. ग्रामपंचायत किंवा महापालिका, बँक, तहसील, सेतू केंद्र, आधार केंद्र, शाळा, बाल संरक्षण कक्ष, समिती. कुंभारीहून शहरात एक खेप म्हणजे एका दिवसाच्या हजार विड्या गेल्या, वर रिक्षाभाडं. सर्व्हर बंद, साहेब मीटिंगला, एक झेरॉक्स कमी, असं झालं की दुसरी खेप. ज्या घराला महिन्याचा मेळ बसवायचा आहे त्याच घराने आधी आपली मजुरी मोडायची आणि मग मदत मिळवायची, अशी ही रचना आहे. आणि त्या खेपांच्या दिवशी विड्या कोण वळतं? घरात राहिलेली थोरली. मदतीचा अर्ज करायला आई बाहेर पडते म्हणून मुलीची शाळा बुडते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मला ते आता अपवाद वाटत नाही.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय की मुलांच्या बाबतीत जी योजना अर्ज न मागता मिळते ती पोचते, आणि जिला अर्ज लागतो ती नेमक्या सर्वांत गरिबाला गाळते.

शाळेतलं शिजवलेलं जेवण बघा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क झाला. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. यात त्रुटी आहेत, तांदळाचा दर्जा, भाजीचं प्रमाण, स्वयंपाकी बायकांचं तुटपुंजं मानधन. तरी मूल वर्गात बसलं की ताटात अन्न पडतं. त्याला उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत. पूर्व भागातल्या कितीतरी मुलांचं दिवसातलं पहिलं भरपेट जेवण तेच असतं. मुलगी शाळेत गेली की घरातलं एक जेवण वाचतं, हेही त्या आईला कळतं आणि ते सांगण्यात कमीपणा मानू नका.

किंवा तुम्ही राहता ती वसाहतच घ्या. कामगार नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली १० हजार घरं, २००६ मध्ये त्यांचा ताबा मिळाला. त्यानंतर रे नगरची ३० हजार घरं, त्यातल्या १५ हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. घरं मिळवायला झगडावं लागलं खरं, पण एकदा मिळाली ती कायमची. याला कुणी बालकल्याण योजना म्हणत नाही, मी म्हणते. झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत तंबाखू, स्वयंपाक, अभ्यास आणि आजारी माणूस एकाच जागी असायचं. स्वतःचं दार आलं, पत्ता आला, पत्त्यावर रेशनकार्ड आलं, आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलताना मुलांची शाळा बदलायची ते थांबलं. उणीव एवढीच की वसाहत शहराबाहेर पडली आणि मोठ्या शाळा, दवाखाने शहरातच राहिले. दहा हजार घरं बांधताना मुलींच्या दहावीपर्यंतच्या शाळेचा विचार घरांच्या पायाबरोबरच व्हायला हवा होता.

याउलट रोख मदतीचा आपला इतिहास फार कंजूष आहे. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता म्हणून दिवसाला एक रुपया १९९२ मध्ये ठरला आणि वर्षानुवर्षं तो एकच रुपया राहिला. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवी ते सातवीच्या मुलींना महिना साठ रुपयांवर किती काळ अडकून होती! बालसंगोपनाचे पैसेही एके काळी महिना ४२५ होते, मग १,१००, आता २,२५०. ही वाढ खरी आहे आणि तिचं श्रेय दिलं पाहिजे. पण हप्ता दर महिन्याला येत नाही, कित्येकदा चार-सहा महिन्यांचे पैसे एकदम येतात. घरभाडं, किराणा आणि उसनवारी दर महिन्याची असते. सहा महिन्यांनी आलेल्या साडेतेरा हजारांनी आधी सावकाराचं देणं फिटतं, मुलीची बुडालेली सहामाही त्याने परत येत नाही.

पोषणाचे आकडेही हेच सांगतात. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहिलेली मुलं २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होती, २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के. म्हणजे हललीच नाहीत. अंगणवाड्या आहेत, सेविका राबतात, मोबाइलवर नोंदी भरतात. पण खुरटणं बहुतांशी ठरतं ते पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना शिजवलेलं जेवण नाही, घरी न्यायचं पाकीट आहे. ते पाकीट शिजवून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवायला घरात एक मोकळा माणूस लागतो. मजुरीवर हजार विड्या वळणाऱ्या आईकडे तो वेळ कुठून येणार? पाळणाघर दिल्याशिवाय नुसत्या पाकिटाने हा आकडा खाली येईल असं मला वाटत नाही.

हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांचं तर विचारू नका. दिवाळीच्या सुमाराला कारखाने पेटले की कोपी, म्हणजे तोडणी कामगारांची झोपडी, पडते, आईबाप पहाटे फडात आणि आठ-नऊ वर्षांची बहीण भावंडाला काखेत घेऊन कोपीपाशी. नियमाने त्या मुलांना जवळच्या शाळेत आणि अंगणवाडीत नाकारता येत नाही, दाखला नसला तरीही. ज्या गावात मुख्याध्यापक स्वतः कोप्यांवर जाऊन मुलं घेऊन येतात तिथे ती शिकतात, जिथे पालकांनी यावं अशी वाट बघतात तिथे मार्चपर्यंत कुणी येत नाही. पुन्हा तोच भेद: कुणी जायचं, सरकारने की गरिबाने?

आणि सरकार जाऊ शकतं, हे आपण पाहिलेलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने आईबाप गेलेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं. मृत्यूंच्या याद्या दवाखान्यांकडून आल्या, त्यावरून घरं शोधली, कर्मचारी दारात गेले. कागद तिथेच बसून भरले, बालसंगोपनाचे आदेश निघाले. दोन्ही पालक गेलेल्यांच्या नावे राज्याने ५ लाखांची ठेव ठेवली, केंद्राने वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळणाऱ्या १० लाखांची सोय केली. त्या काळात एकाही आईला 'उद्या या' असं ऐकावं लागू नये म्हणून माणसं रात्री थांबलेली मला आठवतात. तीच कचेरी, तेच कर्मचारी, तोच कायदा.

तर मग जो बाप क्षयाने गेला, दारूने गेला, रस्त्यावरच्या अपघातात गेला, किंवा मागावरून घरी येऊन छातीत दुखून गेला, त्याच्या पोरांच्या दारात हेच दल का जात नाही? पोरांच्या ताटाला बाप कशाने गेला याचा फरक पडत नाही. मृत्यूची नोंद सरकारकडेच होते. रेशनकार्डावर घरातली मुलं कोण ते सरकारकडे आहे. शाळेच्या पटावर त्यांची नावं सरकारकडे आहेत. या तीन याद्या एकमेकींना जोडल्या तर १८ ते ५९ वयातला कमावता माणूस गेल्याची नोंद झाल्यावर बाल संरक्षण कक्षाला आपोआप कळू शकतं की या घरात शाळकरी मुलं आहेत. मग ग्रामसेवक किंवा अंगणवाडी सेविकेने तेराव्याच्या आत त्या घरी जायचं. यासाठी नवी योजना जाहीर करायची गरज नाही, आहेत त्या योजना उलट्या दिशेने चालवायच्या.

आणि तोवर निदान खेपेची भरपाई द्या. पोषण पुनर्वसन केंद्रात आई मुलाबरोबर राहिली तर तिला बुडीत मजुरी मिळते. सरकारने तिथे मान्य केलंय की गरीब आईचा दिवस फुकट नसतो. तेच तत्त्व बालसंगोपनाच्या अर्जाला लावायला काय हरकत आहे? मी हे बैठकांमध्ये मांडते, तुमच्यासारख्या तरुणांनी ग्रामसभेत मांडावं. मुलांच्या प्रश्नावर ग्रामसभेत कुणी उठून बोलत नाही म्हणून तो कागदावर येत नाही. गावात ग्राम बालसंरक्षण समिती असायला हवी, ती आहे का आणि शेवटची बैठक कधी झाली एवढंच विचारलं तरी हालचाल होते.

एक सावधगिरीचं सांगायला हवं. वडील गेलेल्या घरात मुलगी तेरा-चौदाची असली की नातेवाईक 'एक जबाबदारी कमी करा' म्हणून स्थळं आणायला लागतात. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि आपला जिल्हा त्या सरासरीच्या बराच वर आहे. तसं काही कानावर आलं तर वाद घालत बसू नका, १०९८ ला फोन करा. नाव गुप्त राहतं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांनाही कळवता येतं. लग्न ठरण्याच्या टप्प्यावर थांबवणं सोपं जातं, मांडव पडल्यावर सगळ्यांनाच त्रास होतो, मुलीला सर्वांत जास्त.

आता तुमच्याकडून काय हवं ते. त्या बाईंना घेऊन तुम्ही स्वतः जा, नुसती यादी लिहून देऊ नका. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी कागद जमवा, कचेरीची खेप एकाच दिवसात दोन-तीन कामं बसतील अशी आखा. मृत्यूचा दाखला, नावांची दुरुस्ती आणि उत्पन्नाचा दाखला ही कामं पुढच्या पंधरवड्यात उरकली तर अर्ज या महिन्याअखेर जाऊ शकतो. अर्ज दिला की पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. शक्य असेल तर खेपेच्या दिवशी तुमच्या घरातलं कुणीतरी धाकट्याला सांभाळा, म्हणजे मुलगी वर्गात बसेल. वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगून ठेवा. मुलगी दोन दिवस दिसली नाही तर त्यांनी तुम्हाला फोन करायचा, एवढं ठरवून घ्या.

आणि तिची शाळा सातवीपर्यंतचीच आहे का ते उद्याच विचारा. असेल तर आठवीसाठी नवी शाळा, नवा प्रवेश, लांबचा रस्ता आणि बसचा पास आला. सोलापुरात मुली सुटतात त्या वर्गातून उठून जात नाहीत, सातवीच्या निकालानंतरच्या उन्हाळ्यात घरी बसतात आणि जूनमध्ये परत येत नाहीत. आठवीच्या शाळेत आत्ताच तिच्यासाठी बोलून ठेवा, दाखला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत तुम्ही स्वतः न्या, आणि मे महिना संपायच्या आत तिचं नाव तिथल्या पटावर चढलेलं बघा.